कमी पैशांत घरचा सबवूफर: आधी खोली, मग डबा, शेवटी ड्रायव्हर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन "बारा इंची वूफर दाखवा" म्हटलं, की काउंटरवर दोन-तीन नग येतात आणि पहिली माहिती मिळते ती वॅटची. दुसरी मॅग्नेटच्या वजनाची. तो वूफर तुमच्या घरात कसा वाजेल, याचा अंदाज या दोन्हींवरून येत नाही. ज्या आकड्यांवरून येतो, ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात, किंवा नसतातच. नसले तर घरी मोजता येतात, आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

हा लेख घरातल्या खोलीत गाणी ऐकणाऱ्या आणि सिनेमे पाहणाऱ्यांनी सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर, स्वतः करावा यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी १० बाय १२ फुटांची खोली आणि साधारण दहा हजार रुपये धरतो. त्यातले चार-साडेचार हजार ड्रायव्हरला (डब्यात बसवायचा वूफरचा नग), तीन हजार अॅम्प्लिफायर आणि पॉवर सप्लायला, बाकी लाकूड, कटिंग आणि किरकोळ सामानाला. बजेट याहून कमी-जास्त असलं तरी ही वाटणी साधारण अशीच ठेवावी. बहुतेक जण सगळा पैसा ड्रायव्हरवर घालतात आणि मग डबा मिळेल त्या पातळ फळ्यांचा ठोकतात. त्यात महागडा ड्रायव्हर वाया जातो.

आधी काय सोडायचं ते ठरवा

केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम सबवूफर करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: खोल बेस, लहान डबा आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसरी गोष्ट सोडावी लागते. हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, कुठल्याही ब्रँडला तो चुकवता येत नाही.

पूर्वी अॅम्प्लिफायरचे वॅट महाग होते, म्हणून लोक मोठे डबे करत. आज क्लास-डी प्रकारच्या अॅम्प्लिफायर बोर्डांमुळे वॅट स्वस्त झाले आहेत आणि फ्लॅटमधली जागा महाग. त्यामुळे आपण सोडायचं ते 'कमी वॅटमध्ये मोठा आवाज'. म्हणजे सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला मिळणारा आवाज) ९५-९८ डेसिबल आहे म्हणून कुणी पीए (सभा-समारंभांचा) किंवा डीजेचा पंधरा इंची ड्रायव्हर गळ्यात मारत असेल, तर घरासाठी तो घेऊ नका. अशा ड्रायव्हरचा कोन (हलणारा पडदा) हलका आणि सस्पेन्शन (कोनला जागेवर धरणारे लवचीक भाग) ताठ असतं, कोन मागेपुढे जायला जागा कमी असते आणि त्याला मोठा डबा लागतो. मंडपात ५० हर्ट्झचा दणका द्यायला तो उत्तम, पण घरात ३० हर्ट्झपर्यंत जायचं असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता खोली. १२ फुटांच्या, म्हणजे ३.६६ मीटरच्या लांबीत पहिला अनुनाद साधारण ४७ हर्ट्झला येतो. त्याच्या खाली आवाजाच्या लाटा खोलीत मावतच नाहीत, सबवूफर अख्ख्या खोलीतल्या हवेचा दाब वर-खाली करत राहतो. खोली जितकी लहान आणि जितकी बंद, तितका या भागात बेस आपोआप वाढतो. आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती बेस बाहेर जाऊ देत नाहीत, हा फायदाच. दारं-खिडक्या उघड्या ठेवून ऐकणार असाल तर तो फायदा बराच कमी होतो. सीलबंद डब्याचा बेस खाली जाताना हळूहळू, दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, आणि लहान बंद खोली नेमका त्याच भागात आधार देते. म्हणून बेडरूमएवढ्या खोलीसाठी माझं मत सरळ सीलबंद डब्याच्या बाजूने आहे. मोठा हॉल, त्याला जोडून उघडं स्वयंपाकघर, आणि सिनेमे जास्त, असं असेल तरच पोर्टचा, म्हणजे नळी बसवून हवेला वाट ठेवलेल्या डब्याचा, विचार करा.

कामाचे पाच आकडे

ड्रायव्हरचे हे आकडे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखले जातात. थील यांचा मूळ निबंध १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला, स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत ते काम पुढे नेलं. त्याआधी डबा अंदाजाने बनवून, ऐकून, पुन्हा कापून बघावा लागे. आता कागदावर उत्तर निघतं.

एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळ्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत सहज हलतो ती. घरच्या सबवूफरसाठी २२ ते ३५ हर्ट्झ हवी. क्यूटीएस हा कोनवरच्या लगामाचा आकडा: मॅग्नेट आणि सस्पेन्शन मिळून कोनला किती आवरतात ते यावरून कळतं. ०.४ ते ०.६ असेल तर ड्रायव्हर सीलबंद डब्याचा, ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टचा. ०.७ च्या वर गेला तर त्याला उघड्या फळीवर लावायचं, डब्यात घालायचं नाही. व्हीएएस म्हणजे सस्पेन्शनएवढीच लवचीक असणारी हवा किती लिटर, ते. हा आकडा मोठा असेल तर डबा मोठा लागतो.

उरलेले दोन म्हणजे एसडी आणि एक्समॅक्स. एसडी हे कोनचं क्षेत्रफळ, एक्समॅक्स म्हणजे कोन मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती मिलिमीटरपर्यंत ताबा न सोडता जातो ते. या दोघांचा गुणाकार हाच सबवूफरचा खरा जोर, आणि दुकानात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बारा इंची ड्रायव्हरचा एसडी साधारण ५०० चौरस सेंटिमीटर असतो, दहा इंचीचा ३३०, आठ इंचीचा सव्वादोनशेच्या आतच. एक्समॅक्स ६ मिलिमीटर असलेला बारा इंची ड्रायव्हर एका बाजूला ०.३ लिटर हवा ढकलतो. एक्समॅक्स १० मिलिमीटर असलेला दहा इंची ०.३३ लिटर ढकलतो, म्हणजे लहान असून जरा जास्तच.

या ०.३ लिटर हवेतून जमिनीवर ठेवलेल्या सीलबंद सबवूफरला ३० हर्ट्झवर एक मीटर अंतरावर साधारण ९७ डेसिबल मिळतात. त्याच हालचालीत ४० हर्ट्झवर १०२, आणि २० हर्ट्झवर ९०. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजाला चौपट हवा ढकलावी लागते. "२० हर्ट्झपर्यंत वाजतो" असं कुणी आठ इंची डब्याबद्दल म्हणालं, तर हा हिशोब समोर ठेवा.

एक सापळा इथेच सांगतो. काही माहितीपत्रकांत एक्समॅक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा दिलेला असतो. तो निम्मा करून वाचायचा.

दुकानात काय बघायचं

या बजेटमध्ये आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा चांगला पर्याय म्हणजे नामांकित कंपनीचा कारसाठीचा दहा किंवा बारा इंची सबवूफर ड्रायव्हर. त्याचे थील-स्मॉल आकडे बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात, तो लहान सीलबंद डब्यासाठीच घडवलेला असतो आणि कोनला हालचालीला जागा असते. कारचा म्हणून घरी चालत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. फक्त इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेचा अडथळा) बघा. कारचे ड्रायव्हर बहुतेक ४ ओहमचे असतात. ड्युअल व्हॉइस कॉइल (तारेची दोन वेटोळी) ४+४ असेल तर सिरीजमध्ये जोडून ८ ओहम होतात आणि पॅरलल जोडून २. स्वस्त बोर्डाला २ ओहमचा भार देऊ नका. सिंगल कॉइल ४ ओहम सगळ्यांत सोपा.

ड्रायव्हर हातात घेतल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी सरळ, हळू आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, नग परत द्या. सराउंड (कोनच्या कडेची लवचीक कडी) रबराचा हवा. फोमचा सराउंड आपल्या दमट हवेत काही वर्षांत चुरा होऊन गळतो, कोकणात तर लवकरच. जुन्या बाजारातून घेत असाल तर डस्ट कॅपच्या (कोनच्या मधली टोपी) कडेला आणि स्पायडरपाशी (कोनमागची सुरकुत्यांची चकती) ताजा गोंद दिसतो का बघा. रीकोन केलेल्या, म्हणजे कोन आणि कॉइल बदललेल्या, ड्रायव्हरचे आकडे मूळ कंपनीच्या आकड्यांशी जुळतील याचा भरवसा नसतो. मल्टीमीटर सोबत न्या. ४ ओहमच्या ड्रायव्हरचा डीसी रेझिस्टन्स साधारण ३.२ ते ३.८ ओहम दिसायला हवा.

पीएमपीओ, पीक, मॅक्स असे वॅट वाचूच नका. आरएमएस वॅटला थोडा अर्थ आहे, पण तो कॉइल किती उष्णता सहन करते एवढाच.

दोन दहा इंची घ्यावेत की एक बारा इंची? पैसे सारखेच पडत असतील आणि जागा असेल तर दोन दहा इंची. एसडी ६६० होतो आणि पुढे दोन डबे खोलीत वेगवेगळ्या जागी ठेवून बेस जास्त एकसारखा पसरवता येतो. पण या बजेटमध्ये दोन चांगले नग बसणं अवघड, म्हणून पुढचं सगळं एका बारा इंचीवर.

आकडे नसतील तर घरी मोजा

लागणारं सामान: फोनमधलं टोन जनरेटर अॅप, कोणताही बऱ्यापैकी अॅम्प्लिफायर, १००० ओहमचा एक रेझिस्टर, १० ओहमचा एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर, आणि मिलिव्होल्टमध्ये एसी मोजणारा मल्टीमीटर. सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते, तो इथे चालत नाही. २ व्होल्ट किंवा त्याखालची एसी रेंज असलेला मीटर मित्राकडून आणा.

अॅम्प्लिफायरच्या आउटपुटला १००० ओहमचा रेझिस्टर आणि १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. ५० हर्ट्झचा टोन लावून, १० ओहमच्या दोन टोकांमध्ये १०० मिलिव्होल्ट दिसेपर्यंत आवाज वाढवा. आता आवाजाला हात लावायचा नाही. १० ओहम काढून त्याजागी ड्रायव्हर जोडला, की मीटरवरचे मिलिव्होल्ट भागिले १० म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला ड्रायव्हरचा इम्पीडन्स ओहममध्ये. ड्रायव्हर उभा, मोकळ्या हवेत धरलेला हवा. मॅग्नेटवर उताणा ठेवला तर मागचं भोक बुजतं आणि आकडे चुकतात. नवा ड्रायव्हर असेल तर आधी तासभर २५ हर्ट्झवर मोकळा हलू द्या, सस्पेन्शन जरा सैल होतं.

आता १५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर जा. समजा मल्टीमीटरवर डीसी रेझिस्टन्स ३.६ ओहम आला, आणि टोन वाढवत नेताना ३० हर्ट्झला मीटर ३२४ मिलिव्होल्टवर जाऊन पुन्हा उतरायला लागला. म्हणजे एफएस ३० आणि तिथला इम्पीडन्स ३२.४ ओहम. ३२.४ भागिले ३.६ म्हणजे ९, त्याचं वर्गमूळ ३. आता ३.६ गुणिले ३, म्हणजे १०.८ ओहम जिथे दिसतात त्या दोन जागा शोधा: शिखराच्या अलीकडे एक, पलीकडे एक. समजा त्या २२ आणि ४१ हर्ट्झला सापडल्या. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, ३० च्या जवळ यायला हवं. इथे येतं, म्हणजे मोजणी बरोबर.

मग क्यूएमएस (एकट्या सस्पेन्शनचा लगाम) = ३० × ३ ÷ (४१ − २२) = ४.७४. क्यूईएस (एकट्या मॅग्नेटचा लगाम) = ४.७४ ÷ (९ − १) = ०.५९. आणि क्यूटीएस = दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज = ०.५३. एफएसला क्यूईएसने भागलं की ५१ येतात. हा आकडा ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर सीलबंद डबा, १०० च्या आसपास किंवा वर असेल तर पोर्ट. आपला ड्रायव्हर स्पष्टपणे सीलबंदवाला निघाला.

व्हीएएससाठी भंगारातल्या प्लायचा एक घट्ट डबा लागतो, ज्याचं आतलं घनफळ नीट माहीत आहे. समजा ३५ लिटर. ड्रायव्हर त्यावर हवा न गळेल असा बसवून पुन्हा शिखर शोधा. ते ५२ हर्ट्झला सरकलं असेल तर ५२ ला ३० ने भागून वर्ग करा, एक वजा करा, ३५ ने गुणा. उत्तर ७० लिटर. झाला ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा.

डबा किती लिटरचा

सूत्र एकच: क्यूटीसी = क्यूटीएस × √(व्हीएएस ÷ डब्याचे लिटर + १). क्यूटीसी म्हणजे डब्यात बसल्यावरचा तोच लगामाचा आकडा. पुस्तकी आदर्श ०.७०७, त्यात बेसचा आलेख सर्वांत सपाट राहतो. आपल्या ड्रायव्हरला त्यासाठी सुमारे ८७ लिटर लागतात. फ्लॅटमध्ये ८७ लिटरचा डबा म्हणजे जवळजवळ एक छोटं कपाट.

५० लिटर घालून बघा: क्यूटीसी ०.८२ येतो. आलेखावर पाव डेसिबलचा उंचवटा येतो, जो कुणालाही ऐकू येणार नाही. आणि गंमत पुढे आहे. ८७ लिटरमध्ये बेस ३ डेसिबलने उतरतो ४० हर्ट्झला, ५० लिटरमध्ये ४१ ला. २० हर्ट्झवर मोठा डबा दोन डेसिबलने पुढे असतो, एवढाच फरक. जवळजवळ निम्म्या जागेत इतकं मिळत असेल तर ५० लिटरच घ्यावेत. मात्र यापुढे ताणू नका. क्यूटीसी १ ला पोचला की सव्वा डेसिबलचा फुगवटा येतो, १.२ ला जवळजवळ अडीच, आणि मग तबल्याचा बायाँ आणि बेस गिटार एकाच सुरात गुरगुरायला लागतात. बाजारातल्या स्वस्त २.१ सेटमध्ये जो धम-धम आवाज ऐकू येतो, त्यात ड्रायव्हरला न झेपणाऱ्या लहान डब्याचा वाटा मोठा असतो.

पोर्टचा डबा करायचाच असेल तर त्याचं गणित इतकं क्षमाशील नाही. क्यूटीएस ०.३५ च्या आसपासचा ड्रायव्हर घ्या आणि लांबी नीट काढा. ६० लिटरचा डबा ३० हर्ट्झला ट्यून करायचा (म्हणजे पोर्टने त्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत जास्त साथ द्यायची) आणि पोर्टला ड्रेनेजचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरायचा असेल, तर आधी पाइपचा आतला व्यास मोजा. ११० हा बाहेरचा असतो, आतला साधारण १०४ भरतो. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग गुणिले २३५६२, त्याला ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर याने भागा, आणि व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. उत्तर ३९.६ सेंटिमीटर. ७५ मिलिमीटरचा पाइप लहान पडतो म्हणून घेऊ नका, त्यातून हवा फुसफुसते. शिवाय ट्यूनिंगच्या खाली पोर्टचा डबा कोनला आवरत नाही, तो मोकाट हलतो. म्हणून अॅम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) हवाच. सीलबंद डब्यात आतली हवाच स्प्रिंग होऊन कोनला आवरते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमध्ये हेच करून लहान डब्यातून खोल बेस काढून दाखवला होता.

बँडपास (ड्रायव्हर दोन कप्प्यांच्या मधे) आणि आयसोबॅरिक (दोन ड्रायव्हर एकामागे एक) डबे पहिल्या प्रयत्नासाठी नकोत. कटाई वाढते, चुकीला जागा राहत नाही, आणि आयसोबॅरिकमध्ये दोन ड्रायव्हरचे पैसे घालून एकाचंच काम होतं.

कटिंग आणि जोडणी

१८ मिलिमीटरचा एमडीएफ स्वस्त, जड आणि सपाट असतो, सबवूफरला उत्तम. त्याची एकच खोड, पाणी लागलं की फुगतो. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा पट्ट्यात राहत असाल तर थोडे पैसे जास्त घालून आयएस ७१० चा छाप असलेला बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणारा) प्लाय घ्या. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी पॅनेल सॉवर काटकोनात कापून मिळतं. ते पैसे वाचवू नका. हातकरवतीने कापलेल्या कडा जुळत नाहीत आणि डबा गळतो.

आतलं माप ३६ रुंद, ४० उंच, ३८ खोल सेंटिमीटर. हे ५४.७ लिटर भरतात. ड्रायव्हरचा मागचा भाग, आधाराची फळी आणि आतून लावलेला दुसरा बॅफल (ड्रायव्हर बसवायची पुढची फळी) वजा जाता ५० च्या आसपास उरतात. सीलबंद डब्यात लिटर-दोन लिटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. कापून घ्यायच्या फळ्या अशा: वर-खाली ३९.६ × ४१.६ च्या दोन, बाजूंना ४० × ४१.६ च्या दोन, पुढे-मागे ३६ × ४० च्या दोन, पुढच्या बाजूला आतून दुहेरी करायला ३६ × ४० ची आणखी एक, आणि आधाराला ३६ × ३६.२ ची एक, तिच्या मधोमध मोठी खिडकी कापून. हे सगळं ४ बाय ४ फुटांच्या अर्ध्या शीटमध्ये बसतं. कटिंगवाल्याला सांगा की आधी ४१.६ च्या दोन पट्ट्या पाडा, पहिलीतून वर-खालच्या दोन आणि बाजूची एक, दुसरीतून बाजूची दुसरी आणि पुढची-मागची काढा, उरलेल्या पट्टीतून बाकी दोन.

ड्रायव्हरचं भोक माहितीपत्रकावरून नाही, हातातल्या ड्रायव्हरवरून मोजून आखा. आधाराची आडवी फळी मधोमध लावू नका, जरा वर-खाली सरकवा, म्हणजे दोन्ही भाग सारखे गुंजत नाहीत. मॅग्नेटला अडते का, हे गोंद लावण्याआधी सुकं जोडून बघा.

फेविकॉल सढळ हाताने, सांध्यातून बाहेर डोकावेल इतका. दर १२-१५ सेंटिमीटरवर दीड ते दोन इंची स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरचं भोक. एमडीएफच्या कडेत सरळ स्क्रू मारला की फळी उभी चिरते. दुसऱ्या दिवशी आतून सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन सीलंट ओढा आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नका, ओल्या सीलंटची वाफ कोन आणि सराउंडच्या गोंदाला चांगली नाही. एमडीएफ घासताना मास्क हवाच, त्याची धूळ फुफ्फुसांना वाईट.

डब्यात उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस अर्धा किलो पिंजून भरा. त्याने डबा थोडा मोठा असल्यासारखा वागतो. समांतर भिंतींची काळजी नको, ४० सेंटिमीटरच्या डब्यात उभ्या लाटा ४३० हर्ट्झच्या आसपास तयार होतात, सबवूफर तिथवर जातच नाही.

ड्रायव्हर गास्केट पट्टी लावून घट्ट बसवा, मग ३० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा. जिथे धुराची रेघ थरथरेल तिथे गळती. टर्मिनलच्या मागे हमखास सापडते.

अॅम्प्लिफायर

टीपीए३११६ चिपचे बोर्ड स्वस्तात मिळतात आणि त्यावर १०० वॅट छापलेले असतात. वॅट बोर्डावरून ठरत नाहीत, सप्लायवरून ठरतात: व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ४ ओहमला जास्तीत जास्त १८ वॅट. २४ व्होल्टवर कागदोपत्री ७२, प्रत्यक्षात साठ धरा. या चिपला २६ व्होल्टची मर्यादा आहे, म्हणून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या.

साठ वॅट कमी वाटतात? हिशोब करू. आपल्या ड्रायव्हरच्या आकड्यांवरून त्याची सेन्सिटिव्हिटी १ वॅटला ८७ डेसिबल निघते. साठ वॅटने त्यात १८ ची भर पडते, म्हणजे १०५. ५० लिटरच्या डब्यात ३० हर्ट्झला साडेसात उतरतात, उरले ९७. आणि वर आपण काढलं होतं की ६ मिलिमीटर एक्समॅक्सवर ३० हर्ट्झला हा ड्रायव्हर देऊ शकतो तेही ९७ च. म्हणजे ३०० वॅटचा अॅम्प्लिफायर लावला तरी ३० हर्ट्झला एक डेसिबलही चांगला बेस जास्त मिळणार नाही, कोन तेवढा आपटेल. वाचलेले पैसे लाकडाकडे वळवा.

बोर्डावर लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचा आवाज कापणारा) असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास लावता येतो का बघा. १५० हर्ट्झपर्यंत आवाज सोडणाऱ्या बोर्डावर पुरुषांचा आवाज कोपऱ्यातल्या डब्यातून येतोय असं वाटतं. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) असेल तर त्याच्या सब-आउटमध्ये ही सोय आधीच असते. आणि इक्वलायझरने बेस वाढवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ६ डेसिबल वाढवले की चौपट वॅट आणि कोनची दुप्पट हालचाल लागते.

खोलीत बसवणं

सबवूफर तुमच्या बसायच्या जागी, खुर्चीवरच ठेवा. सतत बेस चालू राहणारं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीजवळ नेऊन फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे डब्याची जागा. कोपऱ्यात बेस सर्वांत जास्त मिळतो पण बऱ्याचदा एखादा सूर फुगतो. तिथून हात-दीड हात सरकवून बघा.

डब्याखाली जाड रबराचे पाय किंवा दाट फोम घाला. डब्याची धडधड स्लॅबमध्ये कमी उतरते. हवेतून जाणारा खोल बेस मात्र याने थांबत नाही, म्हणून खालच्या मजल्यावर एकदा स्वतः जाऊन ऐकून या आणि रात्री दहानंतरची लेव्हल त्यावरून ठरवा.

शेवटचं काम फेजचं, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकरचे कोन एकाच वेळी एकाच दिशेला हलवण्याचं. ८० हर्ट्झचा टोन मुख्य स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून वाजवा, बसायच्या जागेवरून ऐका, मग अॅम्प्लिफायर बंद करून सबवूफरच्या दोन वायरी उलट करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज मोठा, ती कायम ठेवा. मग ओळखीची चार-पाच गाणी लावून लेव्हल वाढवत न्या, आणि बेस कोपऱ्यातून येतोय असं कळायला लागलं की नॉब थोडा मागे घ्या. दोन दिवस तसंच ऐका, बहुतेकांना तो आणखी थोडा मागे घ्यावासा वाटतो.